कंपाउंडरचाचांचा माळ

जनावराला ‘अहो’ आणि माणसाला ‘अरे’ म्हणायचं, हा नेम जन्मभर पाळणारा माणूस माझ्या पाहण्यात एकच आला. तो म्हणजे आमच्या शेजारचे कंपाउंडरचाचा. गुरांच्या दवाखान्यात ते कंपाउंडर होते. डॉक्टर तालुक्याच्या गावी राहत आणि महिन्यातून दोनदा येत, त्यामुळे उरलेले दिवस चाचाच डॉक्टर असत. आजारी बैल दारात आला की ते पायऱ्या उतरून खाली येत, त्याच्या कपाळावर तळहात ठेवत आणि अगदी हळू विचारत, “काय होतंय तुमाला? या, सावलीत या.” बैलाचा मालक मागे हात जोडून उभा असे. त्याच्याकडे न बघताच चाचा म्हणत, “तू तिकडं सरक रे. वारा अडवू नगं.” गावातल्या पाटलालाही ‘अरे’ आणि कुंभाराच्या गाढवालाही ‘या बसा’. सुरुवातीला लोकांना राग आला असेल. मी गावात गेलो तोवर तो राग जिरून त्याचा अभिमान झाला होता. परगावचा पाहुणा आला की त्याला मुद्दाम दवाखान्यासमोर नेऊन, “आता बगा, तुमाला ‘अरे’ म्हंत्यात का न्हाई,” असं कौतुकानं सांगितलं जाई.

दुसरी मोठी लढाई चालू होती तेव्हाची ही गोष्ट. नगर जिल्ह्यातल्या कर्जतच्या अलीकडे एका लहानशा बाजारगावात महालकऱ्यांच्या कचेरीत मी कारकून म्हणून लागलो होतो. वय बावीस. आई नगरजवळ केडगावला एकटी होती, दम्यानं हैराण. मला मिळालेली खोली चाचांच्या घराला लागून होती, अंगण एकच. पहिल्याच दिवशी त्यांनी मला चहाला बोलावलं. मी खाटेवर बसलो आणि पाय खाली सोडले, तर तळव्याला काहीतरी थंड आणि खरखरीत लागलं. वाकून पाहिलं तर हातभर लांबीची घोरपड. चाचा म्हणाले, “पाय वर घेऊन बस. त्या झोपल्यात.” चाचींनी बशी माझ्या हातात देत मला धीर दिला, “घाबरू नका. चावत न्हाई ती. नुसतं धरलं तर मातुर सोडत न्हाई.” तो चहा मी मांडी घालूनच प्यायलो आणि पुढची दोन वर्षं त्या घरात मांडी घालूनच बसलो.

घोरपडीशिवाय त्या घरात पंख मोडलेली एक घार होती, तिला अंगणातल्या लिंबाची खालची फांदी नेमून दिलेली होती. दोन्ही डोळ्यांनी अंध असलेला एक ससा होता. कुठल्याशा पलटणीतून म्हातारं म्हणून काढलेलं, तोफांनी कान गेलेलं एक खेचर होतं. त्याच्याशी चाचा इतक्या मोठ्यानं बोलत की सकाळी त्याची विचारपूस चालू झाली की आमची आळी जागी व्हायची. शिवाय मागच्या पायानं लंगडणारी एक हरिणी होती. तिला कागद फार आवडत. माझा पीकपाहणीचा एक अख्खा तक्ता तिनं खाल्ला, तेव्हा मी चाचांकडे तक्रार नेली. त्यांनी काळजीनं विचारलं, “शाईसकट?” मी हो म्हणालो, तर दिवसभर ते तिच्या पोटाला हात लावून बघत राहिले. माझ्या तक्त्याचं कुणी काही विचारलं नाही. चाचींना मूलबाळ नव्हतं. त्या एकदा भाकरी थापता थापता म्हणाल्या, “ह्या घरात मानसं दोनच हायेत. बाकी समदे पाव्हने. आन पाव्हन्याला जा कसं म्हनायचं?”

माणसांना औषध देणं चाचांना मुळीच आवडत नसे, पण दुसरा दवाखाना जवळपास नसल्यानं माणसंही तिथंच येत. तापानं फणफणलेल्या शेतकऱ्याला ते सवयीनं विचारत, “चारा जातो का?” आणि तोही सवयीनं सांगे, “कालपासनं न्हाई.” आमच्या महालकऱ्यांना, म्हणजे रावसाहेबांना, एकदा खोकला झाला. चाचांनी बैलाच्या मात्रेचा सोळावा हिस्सा काढून एका बाटलीत पाठवला. रावसाहेबांचा खोकला एका दिवसात थांबला, पण त्याबरोबर तीन दिवस त्यांचा आवाजही थांबला. कचेरीतली ती तीन दिवसांची शांतता आम्ही कारकून मंडळी पुढे कितीतरी दिवस आठवत होतो.

चाचा नमाजी होते, रोजे पाळत, शब्दाला पक्के होते. खोटं मात्र बोलत, आणि तेही एकाच बाबतीत. बंदूकवाल्याला ते कधीही खरं सांगत नसत. एकदा चार शिकारी घोड्यांवरून आले आणि हरणं कुठं मिळतील असं विचारू लागले. चाचांनी त्यांना पाणी पाजलं आणि अगदी आपुलकीनं, काठीनं मातीत नकाशा काढून, वाट समजावून दिली. अमुक ओढा, तमुक बाभूळ, मग डाव्या हाताला खाण. मंडळी भर उन्हात तीन कोस गेली आणि खाणीत चरणारी कुंभारांची गाढवं बघून परत आली. चाचा दारातच उभे होते. “काल हुती की,” ते हळहळून म्हणाले, “आज कुटं गेली कुनास ठाऊक.” ते लोक गेल्यावर मी विचारलं, “चाचा, रोजे धरता आणि असं खोटं बोलता?” ते शांतपणे म्हणाले, “त्याचा जबाब मी वर देईन. तितं हरनं माज्या बाजूनं बोलतील.”

पण लढाईबरोबर जीपगाड्या आल्या आणि चाचांच्या नकाशाचं काही चालेनासं झालं. जीपला वाट लागत नाही. ती माळावर सरळ घुसते आणि कळपामागे धावते. पूर्वी म्हणे आमच्या गावाच्या वेशीवरून सकाळी शंभर-शंभर काळविटं दिसत. मी गेलो तेव्हा तीस-चाळीस दिसायची, आणि वर्षभरात ती दहा-बारावर आली. शिकारी मेलेली उचलून नेत, जखमी झालेली पळून जात आणि झुडपात पडून राहत. जीप येऊन गेली की दुसऱ्या दिवशी चाचा एकटेच माळावर जात. पिशवीत पट्ट्या, टिंक्चर आणि एक सुरी. आमची लंगडी हरिणी अशीच आली होती, पण तिच्यासारखी एखादीच. बहुतेक वेळा सुरीच कामी येई. त्या दिवशी संध्याकाळी चाचा जेवत नसत. चाची ताट वाढून झाकून ठेवत आणि थोड्या वेळानं उचलून नेत.

एका सकाळी चाचा माझ्या दारात आले आणि म्हणाले, “तुजं अक्षर चांगलं हाय. मला सरकारला अर्ज लिवायचाय.”

मी म्हणालो, “सांगा, लिहितो.”

“असं न्हाई. आधी बग, मग लिही. न बघता लिवलेलं खोटं वाटतं.”

आषाढ संपत आला होता. एका धनगराची बैलगाडी घेऊन आम्ही पहाटे निघालो. गावापासून दीड-दोन कोसांवर, दोन टेकाडांच्या मधे एक उथळ खोलगट माळ होता. तिथं गुडघाभर कुसळी गवत, मधे मधे तरवडाची झुडपं, आणि कडेला एकुलतं एक हिवराचं झाड. गाडी न थांबवता चाचांनी बोटानं दाखवलं. गवतात माणसाच्या कमरेपेक्षा उंच असा एक पक्षी उभा होता. अंग तपकिरी, मान पांढरी, डोक्यावर काळी टोपी. बघता बघता त्यानं शेपटी पाठीवर उलटी केली आणि गळ्याखालची पांढरी पिशवी इतकी फुगवली की ती पार गुडघ्यांपर्यंत लोंबू लागली. मग घागरीत तोंड घालून कुणी हुंकार द्यावा तसा आवाज माळभर घुमला. “माळढोक,” चाचा कुजबुजले. “ते नवरदेव. त्या तितं तिघी बसल्यात. एकून सात हायेत. मी लहान हुतो तवा मोजायला कंटाळा येई.”

मी विचारलं, “आपल्याला बघून पळत कसे नाहीत?”

“मानूस चालत आला तर अर्ध्या कोसावरनं उडतील. गाडीला भीत न्हाईत. चाकावर त्यांचा भरवसा हाय.”

परत येताना त्यांनी बाकीचं सांगितलं. मादी वर्षातून एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. कुणाचा पाय पडला की वर्ष वाया गेलं. म्हणून चाचांनी धनगरांशी बोली केली होती. त्यांच्या मेंढरांच्या खुरांना, पोटाला, जखमांना चाचा घरी जाऊन औषध देत, आणि पावसाळ्याचे दोन-तीन महिने धनगर त्या माळावर मेंढरं घालत नसत. “ही जागा धनगरांशिवाय आता तुलाच ठाऊक हाय,” चाचा म्हणाले.

मी अर्ज लिहिला. चाचांनी सांगितलं तसाच, जागेचं नाव न घालता लिहिला, फक्त भाषा कचेरीची केली. सदर पक्षी रयतेच्या पिकावरील टोळ व किडे खाऊन निर्वाह करतो, कोणास उपद्रव देत नाही, तरी सरकारने त्यास आपले समजून त्याची शिकार बंद करावी. तो अर्ज आमच्याच कचेरीतून वर गेला आणि चार महिने फिरून परत आला. जंगलखात्यानं शेरा मारला होता की माळावर झाडे नाहीत, सबब तो जंगल नाही. शेतकीखात्यानं लिहिलं की सदर पक्षी पीक नाही. गुरांच्या खात्यानं कळवलं की तो गुरांत मोडत नाही. चाचांनी माझ्याकडून ते तीनही शेरे दोनदा वाचून घेतले. मग म्हणाले, “खरं लिवलंय त्यांनी. ते कुनाचेच न्हाईत.” अर्ज त्यांनी घडी घालून ठेवला. त्याची नक्कल मात्र कचेरीत राहिली.

पुढच्या पावसाळ्यात रावसाहेबांनी मला आत बोलावलं. टेबलावर तीच नक्कल होती, माझ्या अक्षरातली. वरून कुणी मोठे साहेब पाहुणे घेऊन येणार होते आणि पाहुण्यांना माळढोक मारायची फार इच्छा होती. रावसाहेब म्हणाले, “अर्ज तू लिहिलास. जागा तुला ठाऊक असणार.”

मी म्हणालो, “कंपाउंडरांना ठाऊक आहे, साहेब.”

“तो मला खाणीत गाढवं दाखवील. मी तुला विचारतो आहे.” मग त्यांनी दुसरा एक कागद पुढे ओढला. माझा नगरला बदली मागणारा अर्ज. आईचा दमा वाढला होता. त्या महिन्यात दोनदा केडगावहून निरोप आला होता की तिला रात्रभर बसून काढावी लागते, पाणी द्यायलासुद्धा जवळ कुणी नसतं. रावसाहेब काही दरडावून बोलले नाहीत. “साहेबांचा दौरा नीट पार पडला की मी शिफारस करीन,” एवढंच म्हणाले.

मी जागा सांगितली. दोन टेकाडं, हिवराचं झाड, सगळं. सांगताना मनाची समजूत घातली की फार तर एखादा मारतील, बाकीचे उडून जातील. घरी आलो तर चाची अंगणात सशाला कोथिंबीर भरवत होत्या. मी मान खाली घालून खोलीत गेलो.

दोन दिवसांनी सकाळी माळाकडून बार ऐकू आले. मी कचेरीत होतो. पहिल्या बारानंतर थांबतील असं वाटलं होतं. ते थांबले नाहीत. पक्षी उडालेच नव्हते, हे मला नंतर धनगरांकडून कळलं. जीप हळूहळू जवळ येत गेली आणि ते चाकाकडे बघत उभे राहिले. पाच पडले. सहावा जखमी झाला, आणि तो जिवंत नेता आला तर बरं, अशी पाहुण्यांना हौस वाटली. म्हणून जीप सरळ गुरांच्या दवाखान्यासमोर आली.

बातमी कळल्यावर मी कचेरीतून धावत गेलो. जीपच्या मागच्या भागात पाच जण एकमेकांवर पडले होते, त्यांच्या लांब माना बाहेर लोंबत होत्या. चाचा पायऱ्यांवर उभे होते. शिपाई त्यांना सांगत होता, “साहेब म्हंत्यात ह्याला संध्याकाळपत्तुर जगव.” चाचांनी जीपमधल्या कुणाकडेही पाहिलं नाही. त्यांनी दोन्ही हात पुढे करून तो सहावा पक्षी घेतला, लहान मूल घ्यावं तसा, आणि म्हणाले, “या. लागलंय का लई?” ती मादी होती.

संध्याकाळी शिपाई पक्षी न्यायला आला तेव्हा चाचांनी त्याला सांगितलं, मेला, पुरला. तो निघून गेला. ती मादी आत, घोरपडीच्या खाटेवर, चाचींच्या जुन्या लुगड्यात होती. तीन दिवस चाचांनी तिला मांडीवर घेऊन टोळ भरवायचा प्रयत्न केला. गावातली माणसं टोळ धरून आणून देत होती, ज्यांना जन्मभर ‘अरे’ ऐकून घ्यावं लागलं तीच माणसं. तिनं एकही खाल्ला नाही. चौथ्या दिवशी सकाळी ती गेली.

चाचा लिंबाखाली खड्डा खणत होते. मी फावडं घेऊन माती ओढू लागलो आणि म्हणालो, “चाचा, जागा मी सांगितली.”

ते खणत राहिले. “ठाऊक हाय.”

“कुणी सांगितलं?”

“कुनी न्हाई. जीपनं वाट इचारली न्हाई कुनाला. सरळ माळावर गेली.”

“मग तुम्ही मला काही बोलला का नाहीत?”

“काय बोलू?” त्यांनी कुदळ टेकवली आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. “मी लई भित्रा मानूस हाय रे. साहेब बघितला की माजे पाय कापतात. तरी मला खोटं बोलाया जमतं. तुला एवडं का जमलं न्हाई, त्येच कळंना मला.”

मी आईचं सांगितलं, बदलीचं सांगितलं. सांगताना माझं मलाच ते फार थोडं वाटलं. चाचा खड्ड्याच्या कडा हातानं सारख्या करत म्हणाले, “आई हाय तुजी. तिला दुसरं कोन हाय.” एवढं बोलून त्यांनी त्या मादीला खाली ठेवलं, मान दुमडू नये म्हणून हलकेच सरळ केली, आणि मला माती लोटायला सांगितलं. त्या दिवशीही चाचींकडून माझा चहा नेहमीच्या वेळेला आला.

महिन्याभरात बदलीचा हुकूम आला. मोटार वेशीवर थांबायची. माझी ट्रंक चाचांनी उचलली, मला हात लावू दिला नाही. मोटार सुटताना म्हणाले, “आईला नीट बग.” आई पुढे चार वर्षं जगली, माझ्याजवळ जगली. ती चार वर्षं मला कुठून मिळाली हे तिला मी कधी सांगितलं नाही.

स्वातंत्र्य आल्यानंतर एका श्रावणात कामानिमित्त त्या बाजूला जाणं झालं. जाऊ की नको असं करत शेवटी गेलो. चाची तापानं गेल्या होत्या. खेचर गेलं होतं, हरिणी गेली होती, घारीची फांदी रिकामी होती. घोरपड एक दिवस आपण होऊन निघून गेली म्हणे. चाचांना पेन्शन लागली होती, डोळे अधू झाले होते. मला आवाजावरून ओळखून ते म्हणाले, “बस. आता पाय खाली सोडलास तरी चालंल.” मी तरीही मांडी घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माळावर निघाले होते. मीही गेलो. गाडी त्याच धनगराची होती. चाचा गाडीत पुढे जाऊन बसले, तेव्हा धनगर मागे माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “त्या दिसापासनं तितं माळढोकाचं एक बी पाखरू आलं न्हाई, साहेब. उरलेलं एक हुतं, ते बी गेलं. पन चाचा म्हंत्यात, पावसाळ्यात मेंढरं घालू नगा. आमी न्हाई घालत. आमच्या मेंढरांसाटी लई केलंय त्यांनी.”

माळ अगदी तसाच होता. मेंढरांचं तोंड न लागल्यानं गवत उंच, हिरवंगार वाढलं होतं. हिवराच्या सावलीत आम्ही दोघं बसलो आणि गाडी ओढ्याकडे गेली. चाचांनी फडक्यात बांधलेली भाकरी आणि लसणाची चटणी काढली, अर्धी मला दिली. आईचं विचारलं. ती गेल्याचं सांगितल्यावर त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. चंडोल वर चढत होते, गात होते, खाली येत होते.

“काही दिसतं का?” त्यांनी विचारलं. “माजी नजर आता पोचत न्हाई.”

मी डोळ्यांवर हात धरून एका टेकाडापासून दुसऱ्या टेकाडापर्यंत सावकाश पाहिलं. “नाही, चाचा.”

“बगत ऱ्हा,” ते म्हणाले.

थोड्या वेळानं त्यांची मान माझ्या खांद्यावर आली. त्यांना झोप लागली होती. त्यांच्या दाढीचे केस माझ्या सदऱ्याला लागत होते आणि श्वास एका लयीत चालला होता. हिवराची सावली आमच्यावरून सरकली, ऊन आधी माझ्या पायांवर आणि मग तोंडावर आलं. मी हललो नाही. ओढ्याकडून गाडी परत येईपर्यंत, तो सगळा वेळ, मी त्या गवताकडे बघत बसलो.